तिला सांग, उंट सरळ चालत न्हाई

५ फेब्रुवारी १९८३, शनिवार. मुखेड.

ही डायरी लातूरच्या एका खताच्या दुकानाने यांना डिसेंबरमध्ये भेट दिली होती. पाने कोरी आहेत. कागद वाया जाऊ नये म्हणून लिहायला घेतली.

'यांना' असे लिहिले, पण इथे कोणी ऐकत नाही, तेव्हा नाव लिहायला हरकत नसावी. नरसिंग. लग्नाला चार वर्षे झाली. एवढ्या वर्षांत नाव घेतले ते एकदाच, लग्नात बायकांनी दार अडवले तेव्हा.

नरसिंग कलेक्टर कचेरीत कनिष्ठ लिपिक होते. आधी उस्मानाबादला. गेल्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांनी लातूर मागून घेतले, कारण तिथून दर शनिवारी मुखेडला येता येते. खोली मिळेपर्यंत मी इथे सासरीच राहायचे ठरले होते. खोली मिळाली आणि त्यांना कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे. यंदा पाणीच नाही, त्यामुळे ते ऐकून मला जरा विचित्र वाटले. डिसेंबर संपायच्या आत सगळे आटोपले.

संध्याकाळी उदगीरकडून एसटी आली तेव्हा मी चहाचे पाणी ठेवले. एक कप जास्त झाला. तो शेजारच्या जोहरा आपांनी घेतला. गेल्या शनिवारीही त्यांनीच घेतला होता. आता त्या शनिवारी वेळेवर येतात.

९ फेब्रुवारी

सासरे, म्हणजे मामा, देगलूरच्या कोर्टात शिपाई होते. पुकारा होईपर्यंत वकील लोक बुद्धिबळ खेळायचे. ते दारात उभे राहून बघता बघता मामा शिकले. मग त्यांनी नरसिंग यांना शिकवले. दर शनिवारी दोघे बसायचे.

आता मामा रोज दुपारी कापडी पट अंथरतात, मोहरे मांडतात आणि बसून राहतात. खेळत नाहीत. दिवे लागले की मोहरे पिशवीत भरतात. डिसेंबरपासून ते कोणाशीही बोललेले नाहीत. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दोघांचे मिळून बोलतात.

आज मामा बाहेर गेले असताना शेळी घरात शिरली आणि पटावरून चालत गेली. मी मोहरे गोळा केले आणि एका बाजूकडे बघून दुसरी बाजू मांडली. तांबड्यांचा वजीर नरसिंग लहान असताना हरवला आहे. त्याच्या जागी जोहरा आपांच्या शिवणाचे रिकामे रीळ असते. एका प्याद्याच्या घरात शेळीने घाण केली होती. मी पुसले, पण कापड ओले राहिले, म्हणून ते प्यादे एक घर पुढे ठेवले.

मामा आले. उभे राहून बराच वेळ बघत होते. मग बसले आणि समोरचे एक काळे प्यादे एक घर पुढे सरकवले. मला वाटले, तिकडचेही कापड ओले असेल.

१० फेब्रुवारी

काल रात्री मामांनी मोहरे उचलले नाहीत. सकाळी झाडताना बघितले तर माझ्या बाजूच्या रांगेत खड्डा दिसत होता. बरे दिसेना. मागचा एक मोहरा सरळ पुढे ओढून तो भरला.

दुपारी मामा बसले. बघितले. आणि बोलले.

"तिला सांग, उंट सरळ चालत न्हाई."

आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप तसेच थांबले. "काय म्हणले?"

"उंट तिरपा चालतो. तिला सांग."

आत्याबाई माझ्याकडे आत आल्या. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, "विशाखा, उंट तिरपा चालतो म्हणं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "कुणाचा उंट गं?"

१५ फेब्रुवारी

खेळायची पद्धत अशी ठरली आहे. पट उंबऱ्याला लागून. मामा बाहेरच्या खोलीत, मी आतल्या खोलीत दाराआड. माझा फक्त हात दिसतो. मी मामांच्या समोर बसत नाही, ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. हे लग्नापासूनचे आहे, त्यात बुद्धिबळामुळे बदल करायचे कारण नाही. आत्याबाई मध्ये बसतात आणि इकडचे तिकडे सांगतात. त्यांना खेळ येत नाही.

मामा आधी कोणताच नियम सांगत नाहीत. मी चुकले की मगच सांगतात. त्यामुळे मला आतापर्यंत जे येते ते सगळे काय करू नये हे आहे.

आज घोडा. आत्याबाई म्हणाल्या, "घोडा अडीच घरं जातो म्हणून राहिले. अर्धं घर कुठं असतं ते मला इचारू नको."

मी विचारले, अर्धे कशाला.

"ती म्हणती, अर्धं कामून?"

मामा म्हणाले, "तिला सांग, अर्धं वळायला लागतं."

२१ फेब्रुवारी

कचेरीकडून निरोप आला. नरसिंग यांच्या जागी घरातल्या एका माणसाला नोकरी मिळू शकते. कोणाला, ते घरच्यांनी ठरवायचे आणि मामांनी घरचे कर्ते म्हणून तसे लिहून द्यायचे. मे अखेरपर्यंत मुदत आहे.

आत्याबाईंनी लगेच ठरवले, शुद्धोधन. शुद्धोधन माझे दीर. ते बोअर पाडणाऱ्या गाडीवर कामाला आहेत. गाडी सध्या रात्रंदिवस चालू आहे आणि बहुतेक ठिकाणी धूळ निघते. लोह्याच्या एका घरी त्यांच्या लग्नाचे बोलणे चालू आहे. मुलीचे वडील म्हणतात, सरकारी नोकरी असेल तर या महिन्यात, नसेल तर बघू.

मामांनी निरोपाचा कागद ट्रंकेत ठेवला.

मला ती नोकरी पाहिजे. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे सांगता येत नाही. मी मॅट्रिक आहे. मराठी टायपिंगची परीक्षा पास आहे. आई-वडील नाहीत. शिरूर अनंतपाळला भाऊ आहे. तो डिसेंबरमध्ये म्हणाला, "ताई, घरी चल." वहिनी शेजारी उभी होती. ती काही म्हणाली नाही.

मूल असते तर गोष्ट वेगळी होती, असे आत्याबाई जोहरा आपांना म्हणाल्या. ते खरे आहे.

२ मार्च

आज हरले. काल हरले. परवाही.

मामा म्हणाले, "तिला सांग, वजीर सांभाळ."

आत्याबाई म्हणाल्या, "तुला काईच सांभाळता येत न्हाई म्हणून राहिले."

मामांचे वाक्य मला थेट ऐकू आले होते. पण पद्धतीप्रमाणे मी आत्याबाईंचे ऐकले.

९ मार्च

आत्याबाई दुपारभर टँकरवर होत्या, त्यामुळे डाव झाला नाही. मामा त्यांच्या जागी बसले, मी माझ्या. त्या आल्या तेव्हा दिवे लागले होते. दोन घागरी मिळाल्या. एकीतले पाणी तांबडे होते.

१७ मार्च

आपल्या आडातले पाणी गेले. शुद्धोधन गाळ काढायला खाली उतरले. आत्याबाई वरून ओरडत होत्या, "वजीर बग रे! नरश्यानं लहानपणी आडातच टाकला आसंल!"

खाली एक पळी सापडली, एक पैंजण, पितळेची कडी आणि कोणाची तरी चप्पल. वजीर सापडला नाही. पाणीही लागले नाही. आत्याबाईंनी पैंजण ओळखले. त्यांचेच होते, नवीन लग्न झालेले असताना गेलेले. त्या म्हणाल्या, "ह्याच्यासाठी मार खाल्लाय मी सासूचा." मग ते धुऊन ठेवून दिले.

शुद्धोधन वर आले तेव्हा पायांपासून केसांपर्यंत चिखल. मला म्हणाले, "वैनी, त्या खुर्चीचं मला काई बोलू नका. आई बोलती, मी गप बसतो. तुमी बी गपच बसता. मग ठरवायचं कुणी?"

मी म्हणाले, मामा.

"आबा तर उंटाशिवाय बोलत न्हाईत."

२६ मार्च, शनिवार

नवीन नियम. राजाला जन्मात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. पण शह लागायच्या आधी. एकदा शह लागला की उडी गेली, मग एकेक घर चालायचे.

मला हे शह लागल्यावर सांगितले.

मामा म्हणाले, "तिला सांग, नरसिंग बी हेच चुकायचा. जपून ठेवायचा उडी. मग ऱ्हाऊन जायची."

आत्याबाईंनी हे मला सांगितले नाही. उठून चुलीकडे गेल्या. आम्ही दोघे थांबलो. चहाच्या वेळेला जोहरा आपा आल्या आणि त्यांनी विचारले, "ये क्या, खेल बंद? बेटी, तुझी बारी हाय की मामांची?" कोणाची ते मला आठवेना. मामांनाही.

१४ एप्रिल

जयंती. मामांनी पांढरा शर्ट घातला आणि डिसेंबरनंतर पहिल्यांदा वेशीपर्यंत गेले. या वर्षी मिरवणूक लहान होती, पाण्यामुळे जेवणावळ नव्हती. विहारात कोणीतरी त्यांना विचारले, "मारोतीराव, नरसिंगची जागा कुणाला देऊन राहिले?"

मामा म्हणाले, "सुनावणी चालू हाय."

हे शुद्धोधन यांनी घरी येऊन सांगितले. आत्याबाई म्हणाल्या, "कोर्ट सुटलं, पण कोर्टाचा बट्टा ऱ्हायला."

मामांनी शर्ट काढून त्याची घडी घातली, पट अंथरला.

२३ एप्रिल, शनिवार

मी आता लवकर हरत नाही. आजचा डाव दोन दिवस चालला. शेवटी हरले, पण मामांना दोनदा पाणी मागावे लागले.

आत्याबाईंना मधले बसणे आवडू लागले असावे. पूर्वी निवडणे-टिपणे घेऊन बसायच्या, आता रिकाम्या हाताने बसतात. काल म्हणाल्या, "तो हत्ती उगाच कोपऱ्यात बसवून ठिवलाय. काढ की त्याला भाइर." मामा म्हणाले, "साक्षीदारानं मधी बोलू नये."

नोकरीचा कागद मामांच्या ट्रंकेत आहे. ट्रंक उघडी असते. त्यांनी काही लिहिलेले नाही.

५ मे

लोह्याहून पाहुणे आले होते. मुलीचे वडील आणि चुलते. चहा दिला. चुलते म्हणाले, "ऑर्डर कधी निघंल?"

मामा म्हणाले, "तारीख पडली."

"किती दिवसाची?"

"कोर्टाला इचारा."

"आन् कोर्ट कुठं हाय?"

मामा पटाकडे बघत राहिले. पाहुणे लवकर गेले. आत्याबाई संध्याकाळी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू तरी सांग ना त्यांना, शुद्धोधनला देऊन टाका म्हणून. तू म्हणलीस तर ऐकतील."

मी म्हणाले, मी मामांशी बोलत नाही.

मी खोटे बोलले नव्हते.

१२ मे

माझे एक प्यादे पार पलीकडे पोचले आहे. काळ्या वजिराच्या घराच्या अगदी दारात. आणखी एक घर, आणि पट संपतो. इथपर्यंत माझे काही कधी गेले नव्हते, त्यामुळे पुढचा नियम मला माहीत नव्हता. एक घर पुढे सरकवले.

"तिला सांग, परत घे."

"परत घे म्हणून राहिले."

मी विचारले, का.

मामांनी बरेच सांगितले. एकदम एवढे बोललेले मी त्यांना ऐकलेले नाही. प्यादे शेवटच्या घरात गेले की ते त्या घराचे जे असेल ते होते. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, वजिराच्या घरात वजीर. पण आपला तो मोहरा आधी मेलेला असला पाहिजे. जिवंत असेल तर प्याद्याला आत जाता येत नाही. दारात उभे राहावे लागते.

आत्याबाईंनी हे सगळे थोडक्यात सांगितले. "वजीर जित्ता हाय तवर भाइरच थांब."

मी प्यादे परत घेतले आणि दुसरी चाल केली. उंट हलवला. हलवल्यावर लक्षात आले की रिळाच्या आडचा उंट मीच काढला. आता मामांचा हत्ती रीळ सरळ मारू शकतो. रीळ गेले की डाव गेला.

मामांनी चाल केली नाही.

१३ मे

मामांनी चाल केली नाही.

१५ मे

नाही. दुपारभर हत्तीकडे बघतात. हत्ती फुकटचा वजीर मारू शकतो, एवढे आता मलाही कळते. कदाचित नजर कमी झाली असेल. आत्याबाई म्हणाल्या, "काय बसून राहिले? चाला की."

"चालू."

"कधी?"

"बग, ही चाल झाली की डाव संपतो," मामा म्हणाले.

"संपू द्या की! दुसरा मांडा."

मामा म्हणाले, "दुसऱ्याला माणूस लागतं."

ते आत्याबाईंना का म्हणाले ते कळले नाही. मी इथेच होते.

१८ मे

कचेरीतून दुसरा निरोप. मुदतीत कागद आला नाही तर हक्क सोडला असे समजले जाईल.

भावाचे पोस्टकार्ड आले आहे. पावसाळ्याआधी ये म्हणतो, मागच्या खोलीत सामान आहे ते काढावे लागेल. मी सामानाचा विचार केला. ते वहिनीचे आहे, तिच्या माहेरचे.

२० मे

मामांनी आज चाल केली. हत्तीने रीळ मारले.

रीळ त्यांनी उचलले, हातात धरून ठेवले. बाजूला ठेवायला बराच वेळ लावला.

हत्ती त्या घरावर पहारा देत होता. तो खाली आला, त्यामुळे घर मोकळे झाले. माझा वजीर मेला होता, त्यामुळे प्याद्याला आत जायला हरकत राहिली नव्हती. मामांनी एका चालीत माझी दोन्ही कामे करून दिली. राजा एक घर बाजूला घेतला असता तरी डाव त्यांचाच होता. मी तीनदा बघितले, माझे काही चुकते का. मग प्यादे आत सरकवले.

मामांनी प्यादे उचलले आणि तिथे रीळ ठेवले.

"तिला सांग," ते म्हणाले, "आता हा वजीर."

राजाला शह लागला. त्यांची उडी पूर्वीच गेलेली होती. पुढच्या चालीला मात झाली.

मी जिंकले. पहिल्यांदाच. आत्याबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "अगं बाई! हरले?" आणि तोंडावर पदर घेऊन हसल्या.

मामांची चूक मी दाखवली नाही. वय झाले आहे.

२१ मे, शनिवार

सकाळी मामा म्हणाले, "तिला सांग, पेन आण. नरसिंगचं."

मी दिले. आत्याबाईंच्या हातून. मामांनी ट्रंकेतून कागद काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले, कोर्टातल्यासारखे. "लिहून देणार मारोती, राहणार मुखेड, कारणे लिहून देतो की, माझा मुलगा मयत नरसिंग, याच्या जागी माझी सून नामे विशाखा..."

आत्याबाईंच्या हातात वाटी होती. ती त्यांनी ठेवली. टाकली नाही, ठेवली.

"आन् माझं दुसरं लेकरू?"

"त्याच्या हाताला काम हाय."

"लोह्याचं मोडंल."

"मोडंल."

"डाव हरले म्हणून नोकरी दिली? डावावर?"

"न्हाई," मामा म्हणाले. "नेमानं दिली."

कोणत्या नियमाने ते त्यांनी सांगितले नाही. कचेरीने तर घरच्यांच्या मनावर सोडले होते.

सही केली. खाली तारीख घातली. मग पेन माझ्याकडे द्यायला आत्याबाई पुढे झाल्या नाहीत, म्हणून मामांनी ते उंबऱ्यावर ठेवले.

चहाला आज पाणी ठेवायचे राहिले. जोहरा आपा येऊन बसून परत गेल्या.

२९ मे

आत्याबाई बोलत नाहीत. त्यामुळे मामांचे मला कळत नाही आणि माझे मामांना. डाव बंद आहे. लोह्याचे मोडले.

काल शुद्धोधन आले. आईच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. म्हणाले, "आई, ती पोरगी नोकरीशी लगीन लावून राहिली व्हती. माझ्याशी लावणारी बग."

आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्याशी कोण लावंल? अंगाला सदा धूळ." हे आठवड्यातले त्यांचे पहिले वाक्य. मग त्यांनी लेकाला आणखी भाकरी वाढली आणि पाठ करून बसल्या. पाठ हलत होती.

मी आत होते. बाहेर गेले नाही. तो घास मीच त्यांच्या पोराच्या ताटातून घेतला आहे, आणि मी तो परत देणार नाही.

१२ जून

उद्या हजर व्हायचे आहे. नवीन जिल्ह्यात माणसे कमी आहेत म्हणून ऑर्डर लवकर निघाली.

निघताना आत्याबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या, ठेचा वेगळ्या कागदात. म्हणाल्या, "शनवारी येतीस का?"

येते, म्हणाले.

"ये. मला काय, मधी बसायची सवय लागली."

मामा पटावर बसले होते. वाकून नमस्कार केला. त्यांनी आत्याबाईंकडे बघितले, मग पटाकडे.

१५ जून. लातूर.

टेबल खिडकीजवळ आहे. खुर्ची जुनी, उस्मानाबादहून आलेल्या सामानातली. डावा हात मोडलेला आहे, तो सुतळीने बांधलेला आहे. गाठ मला माहीत आहे. आमच्या वळकटीला तशीच आहे.

हेडक्लार्कनी विचारले, खुर्ची बदलून देऊ का. मी म्हणाले, नको, चालेल.

मधल्या सुट्टीत वीरण्णा म्हणून एक लिपिक आहेत, ते आणि बाकीचे बुद्धिबळ खेळतात. लाकडी पट, प्लॅस्टिकचे मोहरे, वजीर दोन्ही शाबूत. मी डबा खात बघत होते. ते सगळेच चुकीचे खेळतात. प्यादे पहिल्याच चालीला दोन घरे नेतात. राजा आणि हत्ती एकाच वेळी हलवतात. वीरण्णांचे प्यादे पलीकडे पोचले, घोड्याच्या घरात. त्यांनी त्याचा वजीर केला. त्यांचा वजीर तर पटावर उभा होता.

मी म्हणाले, असे चालत नाही.

वीरण्णा हसले. "बाई, आंतरराष्ट्रीय नियम आहेत. काय पाहिजे ते करून घेता येतं. तुमच्याकडे कसं असतंय?"

मी सांगितले, आमच्याकडे आधीचा मेल्याशिवाय त्याची जागा मिळत नाही.

वीरण्णांनी हातातला मोहरा खाली ठेवला. एकाने माझ्यासाठी चहा मागवला. मधली सुट्टी संपेपर्यंत कोणी खेळले नाही. मी फक्त नियम सांगितला होता.

जागेवर येऊन बसले तेव्हा ते माझ्या लक्षात आले. मग टायपिंगला दिलेले पत्र पूर्ण केले. दोन चुका झाल्या.

१८ जून, शनिवार. मुखेड.

अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर निघाले. उदगीरला गाडी बदलली. आभाळ कोरडे आहे. मुखेडला उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

घरात चुलीवर पाणी उकळत होते. जोहरा आपांनी ठेवले होते. म्हणाल्या, "गाडी आली का, मला आवाज येतो. बैठ बेटी." एक कप मामांना दिला, एक मला, एक स्वतः घेतला आणि गेल्या.

उंबऱ्याला लागून पट मांडलेला होता. रीळ माझ्या बाजूला. आत्याबाई टँकरवर गेल्या होत्या, त्यामुळे डाव लगेच सुरू होणार नव्हता. मी पाय धुतले नाहीत, पाणी वाचवायचे होते. तशीच दाराआड माझ्या जागेवर बसले.

मामा पटाकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले,

"खुर्ची कोणची दिली?"

मी मागे वळून बघितले. घरात दुसरे कोणी नव्हते.

"खिडकीजवळची," मी म्हणाले.

"डावा हात मोडलाय, ती?"

"हो."

"सुतळी हाय का अजून?"

"आहे."

मामा लातूरला कधी गेलेले नाहीत. त्यांनी मान हलवली. पट थोडा ओढून सरळ केला, कापडाची एक सुरकुती होती ती बोटाने दाबली. बराच वेळ दाबत राहिले.

"चाल," ते म्हणाले.

मी प्यादे सरकवले. एक घर. त्यांनी सरकवले. माझा घोडा बाहेर आला. त्यांचाही आला.

आत्याबाई घागर घेऊन आल्या. दारातच थांबल्या. पट बघितला, मला बघितले, मामांना बघितले.

"मी नसताना चालला कसा डाव? सांगितलं कुणी मधी?"

"कुणी न्हाई," मामा म्हणाले. "तिला सांग, घोडा सांभाळ."

आत्याबाईंनी घागर खाली ठेवली, पदराने तोंड पुसले, उंबऱ्याजवळ आपल्या जागेवर बसल्या आणि मला सांगितले.